ख्रिस्ती कीर्तन

येशूची गोष्ट आपल्या नारदीय कीर्तनाच्या ढंगात, उभं राहून, गात आणि निरूपण करत लोकांपुढे मांडायची पद्धत म्हणजे ख्रिस्ती कीर्तन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) भागात ती रुजली. तिथे 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू होतं. कृष्णाजी रत्नाजी सांगळे हे नाव सुरुवातीच्या ख्रिस्ती कवी-कीर्तनकारांमधे आवर्जून घ्यावं लागतं.

मराठीत ख्रिस्ताची कथा छंदात सांगणं मात्र त्याहून बरंच जुनं आहे. इंग्लंडहून आलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात साष्टीत राहिले, इथली भाषा शिकले आणि 1616 मधे राशोलला त्यांचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं गेलं. परक्या देशातून आलेला माणूस आधी आपल्यापुढे विद्यार्थी म्हणून बसतो आणि मगच तोंड उघडतो, हे मला त्या ग्रंथातलं सगळ्यात मोठं वाटतं.

कीर्तनाची बांधणी ओळखीचीच असते. नमन, मग पूर्वरंगात बायबलमधल्या एखाद्या वचनावर निरूपण, मधे भजन, मग उत्तररंगात आख्यान आणि शेवटी प्रार्थना किंवा आरती. पेटी, तबला, टाळ, चिपळ्या, आणि अभंग, ओवी, साकी, दिंडी, आर्या अशा छंद-वृत्तांतली पदं असं सगळं त्यात येतं. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही धृपद लगेच उचलता येतं, त्यामुळे ऐकणारा नुसता श्रोता राहत नाही, तोही गायला लागतो. चौकातल्या भाषणात समोरच्याचा देव, समोरच्याच्या रूढी यांच्यावर टीका करणं सोपं होतं आणि त्या काळात मिशनऱ्यांच्या तोंडी ती पुष्कळ होतीही, पण कीर्तनात ते जमत नाही, कारण कथा सांगायची तर आधी ऐकणाऱ्याच्या मनात शिरावं लागतं.

आख्यानांमधे उधळ्या पुत्र, जकातदार जक्कय आणि शोमरोनी (शोमरोन प्रांतातली) स्त्री ही विशेष रंगतात. शोमरोनी स्त्रीची कथा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. भर दुपारी येशू विहिरीपाशी दमून बसलाय, पाणी काढायला पोहरा नाही, एक बाई घागर घेऊन येते आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी तसला व्यवहार ठेवत नसत. आता हे आपल्या गावात कसं ऐकलं जात असेल बघा, जिथे महारा-मांगांना पाणवठ्याला हात लावायची बंदी होती आणि महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला 1927 साल उजाडावं लागलं. इथे देणारा आधी मागणारा होतो, तिच्या भांड्यातलं पाणी चालेल म्हणतो, आणि मग बोलणं सुरू होतं. विश्वास दुसऱ्याला सांगायचा तर सुरुवात कुठून करायची हे याहून स्पष्ट कुठे सांगितलेलं मला माहीत नाही.

या परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919). रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे चित्पावन ब्राह्मण. 1893 मधे राजनांदगावला जाताना ट्रेनमधे एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला, वाच म्हणाला, आणि 1895 मधे मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो असं ते सांगायचे, म्हणजे आधीचं सगळं टाकून द्या असा त्यांचा सूर नव्हता. त्यांच्या अभंगांत आणि भजनांत वारकऱ्यांची आर्तता तशीच उतरलीय. 1917 मधे त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो, येशूला मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तर आणखी जवळचं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या तरी सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं, स्वयंपाक-पाणी सगळं वेगळं. त्यांना कुणी जबरदस्ती केली नाही. जात देवाने केलेली नाही, माणसाने केलीय, हे त्यांचं त्यांनाच पटलं आणि मग त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. 1900 मधे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाईंनीही केडगावला मुक्ती मिशनमधे राहून बायबलचं भाषांतर मुद्दाम सोप्या मराठीत केलं, साध्या बाईला वाचता यावं म्हणून, आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मधे छापलं गेलं.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कीर्तनाला सगळे एकाच सतरंजीवर बसले म्हणून जात लगेच गेली नाही, चर्चमधेही पूर्वजातीनुसार सोयरिकी आणि मान-अपमान पुष्कळ काळ चालले, दलित ख्रिस्ती लोकांनी ते सोसलं आणि त्याविरुद्ध बोललेही. शिवाय 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, ते दुःख वेगळंच. म्हणून कीर्तनकार वरच्या जातीतून आलेला असेल तर त्याने गावात कुणाच्या घरी उतरायचं, कुणाच्या ताटाला ताट लावून जेवायचं, हे आख्यानाइतकंच महत्त्वाचं. लोक ते बघतात.

राज्यघटनेच्या कलम 25 ने धर्माचा प्रचार करायचा हक्क दिलाय, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलंय की यात आपली शिकवण सांगणं येतं, दुसऱ्याचं धर्मांतर करून घ्यायचा हक्क येत नाही. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातही आपल्या आशेविषयी कुणी विचारलं तर सौम्यतेने उत्तर द्या असंच सांगितलंय. कीर्तनाच्या अंगात हे आधीपासून आहे, ऐकणारा मधेच उठून घरी जाऊ शकतो.

आता कीर्तनकार कमी झालेत, नवीन मुलं गिटार-कीबोर्डवरच्या उपासनेकडे जास्त वळतात. पण नाताळात आणि मंडळीच्या खास कार्यक्रमांत कीर्तन अजून ठेवतात, आणि टिळकांची भजनं तर मराठी चर्चमधे आजही ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून गायली जातात.