वेडी बाभूळ
शिंबावंत कुलातील काटेरी, सदाहरित वृक्ष किंवा झुडूप. कानडीत ‘बळ्ळारी जाली’. मूळ प्रदेश मेक्सिको ते दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग व कॅरिबियन बेटे.

नावाचा गुंता मोठा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ स्वार्ट्झ यांनी १७८८ मध्ये हिला मिमोसा या प्रजातीत (अनेक जातींच्या गटात, genus) घातले, द कांदोल यांनी १८२५ मध्ये प्रोसोपिसमध्ये. २०२२ च्या पुनर्रचनेत ती नेल्तुमा प्रजातीत गेली. दसऱ्याला सीमाभागातील कानडी घरांत जिची पाने सोने म्हणून वाटतात ती बन्नी, म्हणजे आपली शमी, मात्र प्रोसोपिसमध्येच राहिली. दोघींना एका प्रजातीत ठेवणारी जुनी वर्गवारी आता सोडणेच योग्य. भारतातील आगमनाचे साल १८५७ असेही छापलेले आढळते. पण १८७७ च्या सुमारास जमैकाहून बी आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कच्छमधील बन्नी नावाच्या गवताळ प्रदेशात रणाचा खारेपणा अडवण्यासाठी १९६० च्या दशकारंभी लावलेली ही झाडे पुढे गवताळ कुरणांवर पसरली. तमिळनाडूत वेदारण्यमच्या किनारी पाणथळीतही ती घुसली आहे.

कारवारच्या खाडीतील तिवराचे पान चाटले तर खारट लागते, कारण ते ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते. वेडीला अशा ग्रंथी नाहीत. ती बरेचसे सोडियम मुळांशीच अडवते. आत शिरलेले पेशींच्या रिक्तिकांत (पेशीतील द्रवाच्या पिशव्यांत) कोंडते. पेशीरसात प्रोलीन हे अमिनो आम्ल साठवून ती पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम हातचे जाऊ देत नाही. खोल मुळांना कमी खारे पाणी सापडते. खरी नाजूक अवस्था रुजण्याची; पावसाने वरच्या थरातील मीठ धुतले की रोपे तग धरतात.

बेळगाव जिल्ह्याला समुद्र नाही, खारेपणा मात्र आहे. कृष्णा-घटप्रभा काठच्या काळ्या रानांत कालव्याचे पाणी आणि बारमाही ऊस यांमुळे भूजल वर येते, ते उडून गेले की ढेकळांवर पांढरा थर उरतो. पिके हटलेल्या अशा पडीक रानात वेडीला मोकळे रान मिळते. गोड, पिवळट शेंगा मेंढ्या खातात, टणक बी लेंड्यांतून पडते. पाल्याला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. तोडली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते, म्हणून मुळाचा गड्डा खणून काढावा लागतो. त्यानंतरही रान लागवडीला आणायचे तर निचऱ्याचे चर हवेत, जमीन चोपण (सोडियम साचून घट्ट झालेली) असल्यास जिप्समही.