घरपट्टी आणि आपल्या गल्लीतला दिवा

"आमच्या गल्लीतला दिवा बंद आहे, म्हणजे घरपट्टी भरायची गरज नाही," असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो. त्यामागची चीड खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

एखाद्या कामाचे पैसे देतो तेव्हा ते शुल्क असते, उदाहरणार्थ दाखल्याची नक्कल. कर तसा नसतो. तो एका सामाईक निधीत जमा होतो, आणि त्यातून कोणत्या भागात काय करायचे हे अंदाजपत्रक ठरवते. त्यातून सफाई कामगारांचा पगार, पथदिव्यांचे वीजबिल, गटारांची दुरुस्ती, जुन्या कर्जाचा हप्ता असे खर्च भागतात. यातले बरेचसे आपल्याला दिसतच नाही. जमिनीखालची वाहिनी फुटेपर्यंत तिच्यावर दरवर्षी खर्च होतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय ज्याने जास्त कर भरला त्याच्या दारात जास्त काम, असा हिशेबही नसतो. तसा असता तर गरीब वस्तीत झाडूही पोचला नसता.

खातरजमा घरबसल्या होते. आधी बिल नीट वाचा, कोणत्या बाबीसाठी किती आकारणी आहे ते बहुधा त्यावरच असते. मग स्थानिक संस्थेचे अंदाजपत्रक काढा. जमेच्या पानावर करासोबत सरकारी अनुदानही दिसेल, कारण एकट्या करावर कारभार सहसा चालत नाही. खर्चाच्या पानावर पथदिव्यांची तरतूद शोधा.

दिवा बंदच असेल तर लेखी तक्रार द्या, तिचा क्रमांक जपा आणि ती तरतूद दाखवून जाब विचारा. थकबाकी ठेवली तर दिवा लागत नाही, वर दंड मात्र चढत जातो.