पीटर जे

जे, पीटर : (७ फेब्रुवारी १९३७ – २२ सप्टेंबर २०२४). ब्रिटिश अर्थपत्रकार, दूरचित्रवाणी निवेदक आणि १९७७ ते १९७९ या काळात ब्रिटनचे अमेरिकेतील राजदूत. परराष्ट्र सेवेचा कसलाही अनुभव नसताना, सासरे पंतप्रधानपदी असताना, त्यांना वॉशिंग्टनचे पद मिळाले. त्यामुळे त्यांचे नाव निघाले की सोयरिकीची चर्चा आधी होते आणि पत्रकारितेची नंतर.

वडील डग्लस जे मजूर पक्षाचे मंत्री. राजकारणात येण्यापूर्वी तेही अर्थविषयक पत्रकारच होते. विंचेस्टर आणि ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर पीटर १९६१ मध्ये ब्रिटिश अर्थखात्यात रुजू झाले. त्याच वर्षी जेम्स कॅलहॅन यांची कन्या मार्गारेट हिच्याशी त्यांचा विवाह झाला (घटस्फोट १९८६). १९६७ मध्ये सरकारी नोकरी सोडून ते ‘द टाइम्स’चे अर्थ-संपादक झाले.

पुढच्या दहा वर्षांतच त्यांनी खरे नाव कमावले. चलनपुरवठा बेसुमार वाढू दिला की महागाई अटळ, हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांचा विचार ब्रिटनमध्ये रुजवणाऱ्या मोजक्या पत्रकारांत ‘फायनान्शियल टाइम्स’चे सॅम्युएल ब्रिटन यांच्याबरोबर जे यांचे नाव घेतले जाते. लेखन मात्र जड. लेख कळत नाही अशी तक्रार करणाऱ्या उपसंपादकाला ‘मी तो तिघांसाठीच लिहिला आहे आणि तुम्ही त्यांतले नाही’ असे त्यांनी सुनावल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. याच गृहस्थांनी १९७५ मध्ये दूरचित्रवाणी निर्माते जॉन बर्ट यांच्यासह लेख लिहून, दूरचित्रवाणीच्या बातम्या घटना दाखवतात पण त्यामागची कारणे उलगडत नाहीत, अशी झोड उठवली, ही गंमतच. १९७२ पासून ते स्वतः ‘वीकेंड वर्ल्ड’ हा दूरचित्रवाणीवरचा चालू घडामोडींचा कार्यक्रम सादर करत होते.

२८ सप्टेंबर १९७६ रोजी ब्लॅकपूल येथे मजूर पक्षाच्या अधिवेशनात पंतप्रधान कॅलहॅन यांनी, सरकारी खर्च वाढवून मंदीतून बाहेर पडण्याचा मार्ग आता उरलेला नाही, असे स्वपक्षीयांच्या तोंडावर सांगितले. पौंड घसरत होता आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे ३.९ अब्ज डॉलरच्या कर्जासाठी हात पसरण्याची वेळ आली होती. भाषणातला तो भाग जावयाने लिहिला होता. जे यांच्या साऱ्या स्तंभलेखनापेक्षा या परिच्छेदाचा परिणाम मोठा मानावा लागेल.

१९७७ मध्ये, अवघ्या ३८ व्या वर्षी परराष्ट्रमंत्री झालेल्या डेव्हिड ओवेन यांनी आपले मित्र जे यांना राजदूत नेमले. जे तेव्हा चाळिशीचे होते. निवड आपली, पंतप्रधानांची नव्हे, असे ओवेन सांगत राहिले. वशिलेबाजीचा आरोप काही थांबला नाही. त्यातच मावळते राजदूत सर पीटर रॅम्सबोथम हे जुन्या वळणाचे, अकडू गृहस्थ असल्याची कुजबुज पंतप्रधान कार्यालयाकडून वार्ताहरांच्या कानी घालण्यात आली. रॅम्सबोथम मुरलेले मुत्सद्दी होते. त्यांची पाठवणी बर्म्युडाला गव्हर्नर म्हणून झाली. नेमणुकीपेक्षा या कुजबुजीनेच सरकारची अधिक शोभा झाली. मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर निवडून आल्या आणि जे यांच्या जागी निकोलस हेंडरसन हे सेवेतले राजदूत आले.

परतल्यावर जे ‘टीव्ही-एएम’ या सकाळच्या वाहिनीचे प्रमुख झाले. १ फेब्रुवारी १९८३ रोजी ती सुरू झाली. न्याहारीच्या वेळी गंभीर विश्लेषण प्रेक्षकांच्या पचनी पडले नाही आणि मार्चमध्येच त्यांना पायउतार व्हावे लागले. पुढे त्या वाहिनीचे प्रेक्षक परत आणले ते रोलंड रॅट नावाच्या उंदराच्या बाहुलीने. १९८६ ते १९८९ या काळात जे यांनी वृत्तपत्रसम्राट रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या कार्यालयाची सूत्रे सांभाळली. १९९० मध्ये ते बीबीसीचे अर्थ-संपादक झाले आणि २००१ पर्यंत त्या पदावर राहिले. नंतर बँक ऑफ इंग्लंडच्या संचालक मंडळावर त्यांनी काम केले, तसेच ऑक्सफर्डजवळच्या वुडस्टॉक गावचे महापौरपदही भूषविले.