जुनं ब्रिटिश एचिंग विकत घेण्याआधी

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक विचारतात, "हे पेनानं काढलंय का?" नाही. एचिंग करताना तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर चढवून त्यावर सुईनं रेघा ओढतात. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या पडलेल्या रेघांपुरतंच तांबं खाल्लं जातं. त्या खाचांत शाई भरून ओलसर कागदावर दाबाखाली छाप घेतात. म्हणून चित्राभोवती पत्र्याच्या कडेची खोलगट खूण उमटते.

फ्रान्सिस सेमूर हेडन यांचं १८६० सालचं 'शिअर मिल पाँड' बघा. हेडन पेशानं लंडनचे सर्जन, हौसेनं एचर, म्हणजे एचिंग करणारे. (पुढे १८८० साली याच डॉक्टरांनी एचरांची संस्था काढली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले.) विषय म्हणाल तर सरे परगण्यातल्या शिअर गावचं पाणचक्कीचं तळं. घडतंय काय, तर पाण्यावरून एक बदक उडालंय. बस्स! सुट्टीच्या दिवशी माणूस काठावर बसून जे बघत राहील, तेच.

बघायला त्या बदकापासूनच सुरुवात करा. मग झाडांच्या प्रतिबिंबाकडे या. तिथे रेघा दाटतात. उजळ पाणी मात्र रेघांनी काढलेलंच नाही, तो मोकळा सोडलेला कागद आहे. आमच्या मते हेडन यांचा खरा हात इथे दिसतो. काही काळोख्या जागा मखमली वाटतील. तिथे सुईनं थेट तांबं ओरबाडलेलं असतं, त्याला ड्रायपॉइंट म्हणतात. रेघेच्या कडेला उठलेला तांब्याचा कंगोरा शाई धरून ठेवतो. छापागणिक तो झिजतो, म्हणून सुरुवातीच्या छापांना भाव जास्त. आणखी एक, पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं. शिअरला जाऊन काठ जुळवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता व्यवहाराचं. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ती ऑफसेट छपाई, एचिंग नव्हे. पेन्सिलची सही बघून हुरळून जाऊ नका. सही खोटीही करता येते, मखमली काळा रंग खोटा करणं अवघड.

फ्रेमसाठी समास कापू देऊ नका आणि लॅमिनेशनचं नावही काढू नका. मागेपुढे आम्लरहित माउंट, म्हणजे जाड पुठ्ठा लावा, म्हणजे काच कागदाला चिकटणार नाही. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र टांगलं तर तपकिरी डाग पडतात. तसे दिसले तर घरी पुसायला जाऊ नका, फ्रेमसकट आमच्याकडे घेऊन या.