कुंकळ्ळीकरीण आणि कॉम डॉट सन: नेमस्पेसची पार्श्वभूमी

गोव्यात नुसतं 'शांतादुर्गेला जाऊन आलो' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या? कवळ्याच्या, की कुंकळ्ळीकरणीच्या? त्यातली कुंकळ्ळीकरीण कुंकळ्ळीत नाहीच. पोर्तुगीजांच्या धाकानं देवी फातर्प्याला हलली, नाव मात्र मूळ गावाचं राहिलं. नेमस्पेस म्हणजे प्रोग्रामिंगमध्ये नावांची टक्कर होऊ नये म्हणून त्यांना दिलेलं आडनावासारखं घराणं. तिच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं.

सी भाषेत नेमस्पेस नव्हतीच. 1989 च्या मानकात फाइलबाहेर दिसणाऱ्या नावांची पहिली सहाच अक्षरं वेगळी धरण्याची हमी होती. 'अकाउंट_ओपन' आणि 'अकाउंट_क्लोज' ही नावं इंग्रजीत लिहिली की 'ए-सी-सी-ओ-यू-एन'लाच सहा अक्षरं संपतात, म्हणजे जुन्या लिंकरला (वेगवेगळ्या फाइली जोडून एक प्रोग्राम करणाऱ्या साधनाला) दोन्ही एकच. पुढे ही मर्यादा सैल झाली तरी टक्कर टाळायला 'पीएनजी_', 'जीटीके_' असे उपसर्ग लावावे लागले. सी++ च्या 1998 च्या मानकात नेमस्पेस रीतसर आली आणि प्रमाण लायब्ररी 'एसटीडी'खाली गेली. पीएचपीला तर 2009 पर्यंत, आवृत्ती 5.3 येईपर्यंत थांबावं लागलं. तोवर 'झेंड_डीबी_टेबल' अशी लांबलचक क्लासनावं.

जावानं वेगळी शक्कल काढली. इंटरनेटवर डोमेन नाव एकाच मालकाचं असतं, मग तेच उलटं करून पॅकेजला, म्हणजे जावातल्या नेमस्पेसला द्या: जावा बनवणाऱ्या सन कंपनीचं 'सन डॉट कॉम' झालं 'कॉम डॉट सन'. पाकिटावर आपण घर, वाडा, गाव, तालुका लिहितो. इथं तालुक्यापासून घराकडे. फोल्डरही त्याच क्रमानं. हुशारीचं काम, पण नावात मालक शिरला. 2010 मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली, तरी 'कॉम डॉट सन' जावाच्या कोडमध्ये आजही आहे.

जावाच्या अनेक पॅकेजांच्या सुरुवातीला येणाऱ्या 'जावाएक्स' या नावाचं दुखणं याहून मोठं. 2017 मध्ये ओरॅकलनं जावा ईई (मोठ्या सर्व्हर-प्रोग्रामांसाठीचा जावाचा संच) एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवायचं ठरवलं, पण 'जावा' नावाच्या ट्रेडमार्कच्या वाटाघाटी फिसकटल्या. जावा ईईचं नाव जकार्ता ईई झालं, आणि शेवटी डिसेंबर 2020 च्या जकार्ता ईई 9 मध्ये पॅकेजांच्या नावांतून 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आलं. काम तेच, पाटी नवी.

आमच्या पणजीच्या ऑफिसात टॉमकॅट (जावाचे वेब-प्रोग्राम चालवणारा सर्व्हर) 9 वरून, नवी नावं मागणाऱ्या 10 वर जाताना हे अंगावर आलं. मी 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' असं सरसकट शोधा-बदला मारलं आणि बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार होणं) कोसळला. कारण 'जावाएक्स डॉट सर्व्हलेट' बदलायचं असलं, तरी 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' मूळ जावाचाच भाग. ते होतं तिथंच राहतं. दोन भावांचं आडनाव एक, वाटणी मात्र एकाचीच झाली!

म्हणून माझं मत: पॅकेजच्या नावात कंपनी एकदाच, वरच्या पायरीला. पुढे 'बिलिंग', 'पावती' अशी कामाचीच नावं. टीमचं किंवा विभागाचं नाव नको. आमच्या प्रोजेक्टमध्ये एका जुन्या ग्राहकाचं नाव दोनशेवर फाइलींत आहे. तो ग्राहक कधीच सुटला. नवीन आलेला प्रत्येक मुलगा विचारतो, 'हे कोण?'