रूपांतराचा डोंगर ताबोरच होता का?

शिष्यांसमोर येशूचे रूप पालटून तेजस्वी झाले, त्या प्रसंगाला रूपांतर म्हणतात. ते ताबोर डोंगरावर झाले, असे प्रवचनांत आणि यात्रेच्या माहितीपत्रकांत सर्रास सांगितले जाते. येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या शुभवर्तमानांत मात्र डोंगराचे नावच नाही. मत्तय आणि मार्क फक्त ‘उंच डोंगर’ म्हणतात, लूक नुसता ‘डोंगर’.

ताबोरचे नाव ठळकपणे पुढे येते ते चौथ्या शतकात, यरुशलेमचे बिशप सिरिल यांच्या लिखाणात. आज तिथे उभे असलेले भव्य चर्च तर 1924 मधले. मार्कचा क्रम नीट पाहा: आधी शिष्य गालील प्रांताच्या उत्तरेकडच्या फिलिप्पाच्या कैसरिया या नगराजवळ आहेत, सहा दिवसांनी रूपांतर होते, आणि नंतर ते ‘तेथून निघून गालीलातून’ जातात. ताबोर तर गालीलातच आहे; मग तिथून निघून ‘गालीलातून’ जाणे नीट जुळत नाही. म्हणून अनेक अभ्यासक कैसरियाजवळच्या, 2,814 मीटर उंच हर्मोन डोंगराकडे बोट दाखवतात. अर्थात सहा दिवसांत ताबोर गाठता येतो, त्यामुळे हर्मोनही सिद्ध होत नाही.

ताबोरला जाणाऱ्यांची श्रद्धा यामुळे खोटी ठरत नाही. पण जागेच्या वादात मूळ प्रसंग हातचा जातो, याची मला खरी खंत वाटते. रूपांतराच्या वेळी मोशे आणि एलीया हे प्राचीन संदेष्टे येशूजवळ प्रकट झाले; ते त्या तेजात कशाबद्दल बोलत होते, हे फक्त लूक सांगतो: यरुशलेमात येऊ घातलेल्या येशूच्या मृत्यूबद्दल. येशूचा शिष्य पेत्र याला तिथेच तीन मंडप उभारून थांबायचे होते. तेवढ्यात मेघातून वाणी झाली, ‘ह्याचे ऐका’. हाच येशू आठवड्याभरापूर्वी वधस्तंभ उचलून मागे या म्हणाला होता.