यंत्रघड्याळ-चालक

संगणक बंद असतानाही मदरबोर्डवरील सेलच्या जोरावर चालणाऱ्या घड्याळाची (आरटीसी, म्हणजे रिअल-टाइम क्लॉक) वेळ वाचणारा व त्यात वेळ लिहिणारा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधील (गाभ्यातील) भाग. ‘चालक’ हा परिभाषेतला शब्द. प्रत्यक्षात पणजी असो वा पुणे, सगळे ‘ड्रायव्हर’च म्हणतात. येथे मुख्यतः लिनक्स कर्नलचा विचार केला आहे. त्यात ‘क्लॉक’ शब्द आणखी दोन अर्थांनी येतो: चालू यंत्रात क्षण मोजणारा स्रोत (टीएससी, एचपीईटी इ. गणक) आणि चिपच्या निरनिराळ्या भागांना स्पंद पुरवणारी व्यवस्था. कर्नल बांधताना दिसणाऱ्या पर्यायांच्या यादीत ही तिन्ही प्रकरणे वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. नवखा माणूस इथेच प्रथम अडखळतो.

या घड्याळाचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात इतकी स्पंदने देतो, त्यामुळे पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक सेकंद मिळतो. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप होती. आजच्या पीसीतले घड्याळ वेगळ्या चिपच्या पोटात गेले असले, तरी कर्नलशी ते त्याच जुन्या भाषेत बोलते. वर्षाचे दोनच अंक ठेवण्याची खोडही तिथलीच.

अर्ध्या तासाचा प्रश्न. चिपमध्ये तास, मिनिटे, सेकंद असतात. ते कोणत्या गावचे, हे ती सांगत नाही. विंडोज त्यांना स्थानिक वेळ मानते, तर युनिक्स परंपरा जागतिक वेळ (यूटीसी) मानते. दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर असल्या की भारतात साडेपाच तासांचा घोळ होतो, तो यातूनच.

लिनक्समध्ये या प्रश्नाची एक जुनी खूण आहे. नेटवर्कवरून वेळ जुळलेली असताना कर्नल साधारण दर ११ मिनिटांनी ती वेळ चिपमध्ये उतरवत असे. पण चिप स्थानिक वेळेवर आहे की जागतिक, हे कर्नलला ठाऊक नसल्याने तो तासाला हातच लावत नसे, फक्त मिनिटे व सेकंद लिही. पूर्ण तासांच्या पट्ट्यात हे खपून जाते. भारतात मात्र चिपमधली आणि जागतिक वेळेतली मिनिटे तीसने वेगळी पडतात. त्यासाठी वेळ लिहिणाऱ्या फलनात (फंक्शनमध्ये) एक ओळ होती: दोन्ही मिनिटांतल्या फरकात १५ मिळवायचे, ३० ने भागायचे, पूर्णांक भागाकार विषम आला तर ३० मिनिटे वाढवायची. शेजारच्या टिपणीत ‘अर्ध्या तासाच्या कालपट्ट्यासाठी दुरुस्ती’ अशा अर्थाचे मोजके शब्द. नेपाळच्या पावणेसहा तासांना ही युक्ती पुरत नाही. तिथे स्थानिक वेळ ठेवलेल्या यंत्रावर फरक ४५ किंवा १५ मिनिटांचा येतो, आणि चिपमध्ये बरोबर मिनिटे लिहिली जात नाहीत.

ही ओळ केव्हाची? हे फलन असलेल्या फाइलच्या माथ्यावरील इतिहासात २ जुलै १९९४ रोजी ॲलन मोड्रा यांनी हे फलन दुरुस्त केल्याचे आणि २६ मार्च १९९५ रोजी मार्कुस कून यांनी ते फलन बोलावताना होणारी अर्ध्या सेकंदाची चूक काढल्याचे नोंदले आहे. ओळ बहुधा यांपैकी पहिल्या दुरुस्तीतली असावी. कून यांच्या नोंदीचा रोख मिनिटांवर नसून, लिहिल्यानंतर चिप नेमक्या अर्ध्या सेकंदाने पुढच्या सेकंदावर जाते, या गुणधर्मावर आहे. २०१३ च्या सुमारास पीसीसाठी तारखेसह पूर्ण वेळ लिहिण्याची पद्धत आली आणि ही ओळ निरुपयोगी ठरली. चिपमध्ये स्थानिक वेळ ठेवण्याच्या बाजूने दोन प्रणालींच्या सोयीचा मुद्दा मांडला जातो. तो खरा आहे, परंतु विंडोजलाही रजिस्ट्रीतील (तिच्या सेटिंग्जच्या कोठारातील) एका नोंदीने जागतिक वेळ मानायला लावता येते, तेव्हा यूटीसीचाच पक्ष बळकट दिसतो.

मांडणी. १९९६ मधील पॉल गोर्टमेकर यांचा ड्रायव्हर मुख्यतः पीसीपुरता होता. निरनिराळ्या चिप्सना एका छत्राखाली आणणारी ‘आरटीसी क्लास’ ही चौकट २००६ मध्ये २.६.१७ या आवृत्तीत आली. कर्नल बांधताना आधी ती चौकट, मग आपल्या चिपचा ड्रायव्हर निवडतात: पीसीला ‘सीमॉस’, छोट्या बोर्डांवर बहुधा ‘डीएस१३०७’. डीएस३२३१ ही अधिक अचूक चिपही त्याच ड्रायव्हरने चालते. ‘एचसीटूसिस’ हा पर्याय सुरू असेल तर कर्नल स्वतःच चिपवरून वेळ घेतो, आणि ती यूटीसी आहे असे गृहीत धरतो. चिप स्थानिक वेळेवर असेल तर प्रणालीच्या नोंदवहीतल्या (लॉगमधल्या) पहिल्या ओळी साडेपाच तास पुढच्या व नंतरच्या अचानक मागच्या दिसतात. जुन्या आवृत्त्यांत यासाठी ड्रायव्हर मॉड्यूल (मागाहून जोडायचा सुटा भाग) म्हणून न ठेवता कर्नलमध्येच बांधावा लागे, आणि चिप आय-टू-सी (छोट्या चिप्स जोडणाऱ्या) वाहिनीवर असेल तर त्या वाहिनीचा ड्रायव्हरही. नव्या आवृत्त्यांत मॉड्यूलही चालते. बोर्डावर दोन घड्याळे असली, एक मुख्य चिपमधले बिनसेलचे आणि एक बाहेरून जोडलेले, तर आधी नोंदले जाईल ते ‘आरटीसी०’ बनते आणि वेळ त्याच्याकडून घेतली जाते. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील भागांचे वर्णन कर्नलला देणाऱ्या फाइलमध्ये) बाहेरच्या घड्याळाला ते नाव देऊन ठेवले की हा प्रश्न मिटतो.

गोवा. कालपट्ट्यांच्या जागतिक संचात भारतासाठी ‘आशिया/कोलकाता’ ही एकच नोंद चालते. १९७० नंतर वेगळेपण नसलेल्या प्रदेशांना तो संच स्वतंत्र नोंद देत नाही. त्यामुळे १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज अमलातील गोव्याची वेळ त्यात शोधून सापडत नाही. पणजी सुमारे ७३ अंश ५० कला पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे तिची सौर वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५५ मिनिटे पुढे. भिंतीवरचे घड्याळ सूर्यापेक्षा जवळपास ३५ मिनिटे आगाऊ चालते. याचा ड्रायव्हरशी संबंध नाही, पण जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकावर चढवणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

चिपची अचूकता जिथे खरोखर लागते असे क्षेत्र गोव्यात समुद्रविज्ञानाचे. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) मांडवीकाठी वेरे येथे समुद्रपातळी मोजणारे उपकरण बसवले. २० पीपीएम (दशलक्षात २० भाग) चुकीचा साधा स्फटिक दिवसाला १.७ सेकंद, वर्षाला सुमारे साडेदहा मिनिटे सरकतो. भरती-ओहोटीतला फरक २ मीटर धरला, तर मधल्या वेगवान टप्प्यात १० मिनिटांच्या चुकीने पातळीची नोंद ८ सेंटिमीटरपर्यंत फसते. शिवाय हा स्फटिक २५ अंशांच्या आसपासच खरा. उन्हातल्या बंद पेटीत ४५ अंश झाले की तो आणखी सुमारे १४ पीपीएम मागे पडतो. तापमानानुसार स्वतःला सावरणारी डीएस३२३१ (० ते ४० अंशांत २ पीपीएम) अशा ठिकाणी उपयोगी, मात्र ४५ अंशांवर तिचीही हमी सैल होते. खाऱ्या हवेने सेलच्या खोबणीला गंज चढतो. पावसाळ्यानंतर वेळ २००० सालात गेलेली दिसली, तर ड्रायव्हर उकरण्याआधी खोबण पुसून पाहावी.